पिवळं झालेलं पाणी

पत्र : काकू, मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. मला पाचवा महिना सुरू आहे. मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या मशीनवाला आला होता. त्याने आमच्या नळाच्या पाण्यात कुपीतले दोन थेंब टाकले, तर पाणी पिवळं झालं. त्याच्या मशीनचं पाणी मात्र पांढरंच राहिलं. मग दोन दांड्या बुडवून करंट दिला, तर आमचं पाणी तांबडं-काळं, गढूळ. म्हणाला, ‘मॅडम, हे क्लोरीनचं विष आहे. याने कॅन्सर होतो, बाळालाही धोका आहे.’ तेव्हापासून आमचे हे नळाचं पाणी तोंडाला लावू देत नाहीत, रोज थंड पाण्याचा जार येतो. (स्वतः दिवसाला दोन खर्रे खातात, ते वेगळं.) सासूबाई म्हणतात, महाल भागातल्या आपल्या जुन्या वाड्याच्या विहिरीचं पाणी आणू, त्यात औषध नसतं. माझे सासरे चार वर्षांपूर्वी मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे घरात हा शब्द निघाला की सगळे गप्प होतात. मी वाचलं तर ‘ट्रायहॅलोमीथेन’ असं काही खरंच असतं म्हणे. मग तो माणूस खरं बोलला की खोटं?

उत्तर :

अगं, त्या दोन थेंबांचं आधी बोलू. तुझी भीती तिथून सुरू झाली आहे.

त्या कुपीत ऑर्थोटोलिडीन नावाचं रसायन असतं. पाण्यात मोकळा क्लोरीन शिल्लक असला की ते पिवळं होतं. क्लोरीन जितका जास्त, तितका पिवळा गडद. यात त्याच्या कंपनीचं गुपित काही नाही. कुठल्याही खेड्यात जा, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हीच ‘ओटी टेस्ट’ करत घरोघर फिरत आलेला आहे. पाणी पिवळं झालं तर तो निश्चिंत होऊन पुढच्या घरी जातो. पांढरं राहिलं तर त्याला घाम फुटतो, कारण त्याचा अर्थ टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर पडलेली नाही, किंवा वाटेत कुठेतरी घाण मिसळली आणि सगळा क्लोरीन तिच्यावरच खर्च झाला. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायलाच हवा. म्हणजे त्या माणसाने तुझ्या डोळ्यांसमोर तुझं पाणी पास करून दाखवलं आणि वर त्यालाच विष म्हणाला. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासल्या, पण असा चलाखपणा मला कधी सुचला नसता.

दांड्यांचा खेळ तर त्याहून स्वस्त. एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तरंगायला लागतो. त्याचं मशीन आरओचं, त्याच्या पाण्यातून क्षारच काढून टाकलेले, म्हणून तिथे वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. पुन्हा आला तर त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि म्हण, ‘आता लावा जी करंट.’ तेही तस्संच तांबडं होईल.

इतकं झालं की मला पत्र संपवता आलं असतं. पण तू ट्रायहॅलोमीथेनचं वाचलंस, आणि ते खोटं नाही.

आपल्या नागपूरला पाणी येतं ते मुख्यतः पेंच आणि कन्हान नद्यांतून. पेंचचं पाणी तोतलाडोहच्या जंगलात साठतं. सागाची रुंद पानं, पळस, तेंदू, गवत, सगळं वर्षानुवर्षं त्या पाण्यात पडतं, कुजतं, मुरतं. धरणाचं पाणी म्हणजे एका अर्थी जंगलाच्या पानांचा फार फार पातळ चहा. त्यातल्या ह्युमिक आणि फल्व्हिक आम्लांनी माणसाला काही होत नाही. पण क्लोरीन मोठा आडदांड. तो जंतूंच्या अंगावर जातो तसाच या आम्लांच्याही अंगावर जातो, त्यांचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांना चिकटून बसतो. त्यातून तयार होतं क्लोरोफॉर्म. पाण्यात थोडं ब्रोमाइड असलं तर क्लोरीनच्या जागी ब्रोमीन बसतं आणि त्याची तीन भावंडं तयार होतात. हे चौघं मिळून ट्रायहॅलोमीथेन. दुसरं मोठं घराणं हॅलोअॅसेटिक आम्लांचं. निर्जंतुकीकरणाची अशी सातशेहून अधिक उपउत्पादनं आजवर ओळखली गेली आहेत. त्यातल्या बहुतेकांचा नीट अभ्यासही झालेला नाही.

पाणी जितकं कोमट, क्लोरीनशी संगत जितकी लांब, पानांचा अर्क जितका जास्त, तितकी ही पैदास जास्त. म्हणून मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेलेला असताना आणि पहिल्या पावसात नदी लाल होऊन येते तेव्हा हे आकडे चढतात. थंडीत उतरतात.

ही गोष्ट जगाला १९७४ साली कळली. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रुक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म नदीत नव्हतंच, क्लोरीन टाकल्यावर ते तयार झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनाही तेच सापडलं. गंमत बघ, त्याच १९७४ मध्ये आपल्या नागपुरातली, १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झालेली संस्था ‘नीरी’ या नव्या नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्या पिढीतल्या पाणीवाल्यांना नीरी म्हटलं की विहिरीत सोडायची दोन मडकी आठवतात. एका मडक्यात दुसरं मडकं, आत एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाड वाळू, दोन्हींना सेंटिमीटरभराचं एकेक भोक. ती दोराने पाण्याखाली मीटरभर सोडली की घरगुती विहिरीत दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू झिरपत राहायचा. जग क्लोरीनला घाबरायला लागलं होतं आणि आपण तो विहिरींपर्यंत पोचवायला धडपडत होतो. दोघांचंही बरोबर होतं.

१९७६ मध्ये उंदरांना क्लोरोफॉर्मचे मोठे डोस दिले तेव्हा त्यांना कॅन्सर झाला. १९७९ मध्ये अमेरिकेने चारही ट्रायहॅलोमीथेन मिळून लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि १९९८ मध्ये ती ८० वर आणली. आपल्या भारतीय मानकात चौघांना वेगवेगळी मर्यादा आहे : क्लोरोफॉर्मला २०० मायक्रोग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमीथेनला ६०, उरलेल्या दोघांना प्रत्येकी १००. जागतिक आरोग्य संघटना क्लोरोफॉर्मला ३०० पर्यंत सूट देते. देशादेशांत इतका फरक का, असं तुझ्या मनात येईल. उंदरावरून माणसाचा हिशेब मांडताना सुरक्षेसाठी किती पट जागा सोडायची आणि कुठल्या पदार्थापासून किती राखून राहायचं, याचं प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

२०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरच्या टँकरात दोन ग्रॅम. चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. आणि ही मर्यादा म्हणजे एक दिवस पिऊन आजारी पडण्याची रेघ नव्हे. जागतिक आरोग्य संघटना अशा मर्यादा काढते तेव्हा साठ किलोचं माणूस रोज दोन लिटर पाणी जन्मभर पितं असं धरते. (आता नागपूरच्या उन्हाळ्यात दोन लिटर कोण पितं, ते सोड. पण त्या हिशेबात जागाही भरपूर सोडलेली असते.)

आता मूत्राशय. इथे मी गोलमोल बोलणार नाही. अनेक वर्षं क्लोरीनचं, जास्त उपउत्पादनं असलेलं पाणी पिणाऱ्या लोकांत मूत्राशयाचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आलं आहे. २०२० च्या एका युरोपीय अभ्यासाने तिथल्या मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी साधारण पाच टक्के रुग्णांचा संबंध ट्रायहॅलोमीथेनशी असू शकतो असा अंदाज मांडला. मात्र ते क्लोरोफॉर्ममुळेच होतं, की त्याच्यासोबत असणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या पदार्थामुळे, हे सुटलेलं नाही. ट्रायहॅलोमीथेन ही सोपी खूण आहे, मोजता येते म्हणून मोजतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं आहे आणि क्लोरीनयुक्त पिण्याच्या पाण्याला ‘ठरवता येत नाही’ या गटात ठेवलं आहे.

याच मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण मात्र सर्वांना ठाऊक आहे : तंबाखूचा धूर. जवळपास अर्ध्या रुग्णांच्या मागे बिडी-सिगारेट असते. तुझे सासरे ओढत होते की नाही, तू लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही. गेलेल्या माणसाचा हिशेब मांडून काय मिळणार? कुणीही डॉक्टर एका माणसाच्या आजाराकडे बोट दाखवून ‘हा नळामुळे’ असं सांगू शकत नाही, एवढंच सासूबाईंना सांग. त्यांना वाटत असेल, आपणच चाळीस वर्षं त्यांना ते पाणी भरून दिलं. बायकांना असं वाटतं गं.

आणि तुझ्या मिस्टरांना माझा निरोप : बाबू, दोन खर्रे तोंडात ठेवून बायकोच्या पेल्यातला मायक्रोग्रॅम मोजू नये. खर्ऱ्यात तंबाखू, त्यात सुपारी, आणि दोन्ही पक्क्या, ठरलेल्या कर्करोगकारकांच्या यादीत. तिथे ‘कदाचित’ नाही.

बाळाचं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असं दिसलं की ट्रायहॅलोमीथेन जास्त असलेलं नळाचं गार पाणी दिवसाला पाच किंवा त्याहून जास्त पेले पिणाऱ्या बायकांत गर्भपात जास्त होते. मोठी खळबळ उडाली. नंतर काही वर्षांनी याच प्रश्नासाठी मुद्दाम जास्त काटेकोर अभ्यास केला गेला, त्यात तसा ठोस संबंध सापडला नाही. बाळाचं वजन किंचित कमी भरण्याबद्दलचे पुरावे थोडे आहेत, तेही दुबळे. तुझा पाचवा महिना आहे. माझी मुलगी असती तर तिला मी सांगितलं असतं, जमेल तेवढं कमी कर, पण झोप उडवू नको.

झोप उडवायचीच असेल तर दुसरी गोष्ट सांगते. हेपटायटिस ई. गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येणारी कावीळ. सर्वसाधारण माणूस तीनेक आठवड्यांत उठून बसतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. हे ‘कदाचित’ नाही, हे भारतातल्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नाल्याचं पाणी उलटं शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हेपटायटिस ई होती हे पुष्कळ नंतर कळलं. त्या वेळी पाण्याच्या कारखान्यात क्लोरीन वाढवला होता. त्यामुळे टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, पण विषाणू सुटला, कारण गढूळ पाण्यात तो लपून राहतो. यातून आम्ही पाणीवाले एक शिकलो : आधी तुरटीने गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं, मग क्लोरीन. हाच क्रम उपउत्पादनांनाही आळा घालतो. पानांचा अर्क आधी काढून टाकला तर क्लोरीनला चावायला काही उरतच नाही. कच्च्या पाण्यातच भसाभस क्लोरीन ओतला तर मात्र दोन्हीकडून नुकसान.

आता सासूबाईंच्या विहिरीकडे येऊ. महालातल्या वाड्याची विहीर म्हणजे आठवणी असतात, मला कळतं. माझंही बालपण तिथल्याच एका वाड्यात गेलं, रहाटाचा आवाज अजून कानात आहे. पण त्या विहिरीच्या आजूबाजूला गेली शंभर वर्षं संडास, गटारं, गोठे होते. जमिनीत मुरलेलं ते सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरतं. नागपूर जिल्ह्यात पुष्कळ विहिरींच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर जातं. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळलं तर ते कमी होत नाही, उलट पाणी आटून दाट होतं. पुढे बाळाला पावडरचं दूध कालवायची वेळ आली तर हेच नायट्रेट घातक ठरू शकतं. विहिरीचं पाणी तुळशीला घाला, अंगण शिंपा. तुझ्या पेल्यात नको.

जारचं पाणी? सीलबंद, आयएसआय शिक्क्याचा जार असेल तर एकवेळ चालेल. पण आपल्याकडे सकाळी रिक्षातून येतो तो निळा थंड पाण्याचा कॅन बहुतेक वेळा बिनशिक्क्याचा, झाकण सैल, आत बर्फाळ गार पाणी. गार असलं की लोकांना ते शुद्ध वाटतं. त्यात ते पिवळे करणारे थेंब टाकले तर पाणी बहुधा पांढरंच राहील. म्हणजे त्यात जंतूंपासून राखणारा क्लोरीन नाही. आणि सीलबंद बाटलीतही उपउत्पादनं असू शकतात. तिथे बहुधा ओझोनने निर्जंतुक करतात आणि ओझोन ब्रोमाइडला गाठून ब्रोमेट बनवतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा दिली आहे, क्लोरोफॉर्मच्या तिसाव्या हिश्श्याएवढी. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये एका नामांकित कंपनीला याच ब्रोमेटपायी सुमारे पाच लाख बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. जंतू मारणारं कुठलंही औषध मागे काहीतरी सोडतंच.

क्लोरीनऐवजी दुसरं काही वापरा, असं म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टन शहराचं ऐकावं. तिथे उपउत्पादनं कमी करायची म्हणून २००० साली क्लोरीन सोडून क्लोरामाइन धरलं. पाण्याचा स्वभाव बदलला आणि जुन्या शिशाच्या नळांवर इतकी वर्षं बसलेला थर सुटायला लागला. दोन-तीन वर्षांत घरोघरी पाण्यात शिसं. एक काटा काढताना दुसरा रुतला.

मग तू काय करायचं?

सगळ्यात आधी गच्चीवर जा. तू नको, मिस्टरांना पाठव. टाकीचं झाकण उघडून तळाला बॅटरी मारायला सांग. नागपूरच्या उन्हात तापलेली काळी टाकी, तळाला बोटभर गाळ, आणि वॉचमन दर महिन्याला त्यात पेलाभर टीसीएल ओततो : ट्रायहॅलोमीथेन बनवायला याहून चांगला कारखाना शोधून सापडायचा नाही. महापालिकेच्या केंद्रात मोजून क्लोरीन पडतो, सोसायटीत अंदाजाने. स्वच्छ पाण्याला ताजी टीसीएल हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस ग्रॅम. पेलाभर नव्हे. आणि नळाचं पाणी आधीच पिवळं होत असेल तर एक चिमूटही नको. टाकी वर्षातून दोनदा घासून घ्या, एकदा उन्हाळ्याआधी, एकदा पावसाळ्यानंतर. जमलं तर पिण्यासाठी गच्चीच्या टाकीतून न येणारा, थेट लाइनचा एक नळ ठेवा. पुष्कळ इमारतींत तो खाली पार्किंगमध्ये असतोच.

घरात साधा कार्बन आणि यूव्हीचा फिल्टर पुरेसा आहे. कार्बन क्लोरीन धरतो आणि ट्रायहॅलोमीथेनही बऱ्यापैकी धरतो, यूव्ही जंतू मारतो. पण एक खोच आहे. कार्बन थकतो तेव्हा आधी क्लोरोफॉर्मला सोडून द्यायला लागतो, क्लोरीनचा वास मात्र त्यानंतरही बराच काळ धरून ठेवतो. म्हणजे वास येत नाही म्हणून फिल्टर ठीक आहे असं समजू नको, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कार्बन बदल. आरओची गरज नाही. पेंचसारख्या धरणाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, सहसा लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतो, आणि अशा पाण्याला आरओ लावू नये असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, आणि तेही नागपूरच्या मे महिन्यात.

फिल्टर घ्यायचा नसेल तर उकळ. चांगली खळखळ उकळी येऊ दे आणि मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेव, झाकण न लावता, खिडकी उघडी ठेवून. क्लोरोफॉर्म उडून जाणारा पदार्थ आहे, बराचसा निघून जातो. हॅलोअॅसेटिक आम्लं उडत नाहीत, ती राहतात, पण जंतूंचा मुख्य प्रश्न मिटतो. गार झालं की त्याच भांड्यात झाकून ठेव आणि दिवसभरात संपव.

इथे मला माझीच फजिती सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे सगळं नवं नवं वाचलं होतं. मी घरी माठातलं पाणी रात्रभर उघडं ठेवायला लागले, क्लोरीन आणि क्लोरोफॉर्म उडून जावं म्हणून. क्लोरीन छान उडाला. मग त्या बिनराखणीच्या पाण्यात घरातल्या सहा जणांचे पेले आणि दोन पोरांचे हात बुडाले. आठ दिवसांत धाकट्याला जुलाब सुरू झाले, सलाइन लावावं लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आणून माठावर ठेवलं. तेव्हापासून क्लोरीन काढायचा असेल तर तो पिण्याच्या अगदी आधी, शेवटच्या पायरीवर काढायचा, हे मी पाठ केलं आहे. पाइपात, टाकीत, माठात तो असू दे.

आंघोळीबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. क्लोरोफॉर्म वाफेतून आणि कातडीतूनही अंगात जातं. बंद बाथरूममध्ये गरम शॉवरखाली पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं तर ते पिण्याएवढंच जाऊ शकतं. एक्झॉस्ट लाव, किंवा सरळ आपली बादली-तांब्याची आंघोळ कर. पाणीही वाचेल, आणि तुझ्या महिन्यात ओल्या फरशीवर फार वेळ उभं राहूच नये.

नक्की आकडा हवाच असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आधी फोन करून विचार, त्यांच्या मान्य चाचण्यांत ट्रायहॅलोमीथेन आहे का. ही चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफवर होते, मशीनवाल्याच्या कुपीत नाही. नमुन्याची बाटली त्यांचीच घे. त्यात सोडियम थायोसल्फेटचे कण असतात, ते क्लोरीनला जागच्या जागी थांबवतात, नाहीतर बाटलीतच क्रिया चालू राहते आणि आकडा फुगतो. पाणी काठोकाठ भरायचं, हवेचा एकही बुडबुडा नको. एकच नमुना द्यायचा असेल तर मे महिन्यात किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर दे. सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा कळला की बाकीच्या दिवसांची काळजी मिटते. आणि खर्च एकटीने कशाला करतेस? सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांड. तीच मंडळी मिळून महापालिकेकडे ट्रायहॅलोमीथेनचे अहवाल मागू शकतात, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. अर्जात एवढंच विचारा : कच्च्या पाण्यात आधी क्लोरीन टाकता का, की गाळल्यावर? आणि ट्रायहॅलोमीथेन वर्षातून किती वेळा, कुठल्या नळांवर मोजता? अधिकाऱ्यांनाही असे प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की जरा बरं वाटतं. मी त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून सांगते.

राहिला तो मशीनवाला. त्याने पिवळं केलेलं पाणी तुम्ही काय केलंत? कुणी प्यायलं तर नाही ना? कारण त्या कुपीतलं ऑर्थोटोलिडीन स्वतःच ‘कदाचित कर्करोगकारक’ पदार्थांच्या यादीत आहे, क्लोरोफॉर्मच्याच रांगेत. म्हणून प्रयोगशाळांतून ते केव्हाच मागे पडलं, तिथे आता पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी वापरतात. पुन्हा बेल वाजली तर त्याला दारातच सांग, पेला तुमचा तुम्ही आणा, आणि प्रयोग झाला की सोबत घेऊन जा.

— तुझी काकू